सगळं नॉर्मल आहे, ओढा

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीही ऐकलेली नाही. नितीननेसुद्धा नाही — आणि माझ्या नवऱ्याला मी एरवी ऑफिसातल्या चहापासून सगळं सांगते. आईने नाही. डॉ. रीमनी तर नाहीच. आमच्या गटाच्या त्या प्रमुख, आणि त्या शुक्रवारनंतर त्यांनीच माझे हात हातात धरून म्हटलं होतं, "मेधा, तुझी यात काही चूक नाही." मी मान हलवली होती. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, समोर बसलेले नाही — एवढंच कारण असेल कदाचित.

मी नाशिकची. बरीच वर्षं रियाधमध्ये आहे. नितीन बँकेत, मुलगी इंडियन स्कूलमध्ये, मी समुद्राच्या अभ्यासात. इथल्या मराठी मंडळींना याची भारी गंमत वाटते. "मेधाताई, रियाधला समुद्र कुठून आणलात?" आणि समुद्र तरी कुठला — जेद्दाहचा नाही, दम्मामचा नाही. पार उत्तरेचा, ग्रीनलंडच्या खालचा, जिथे बर्फाचा प्रदेश संपतो तिथला.

तिथलं पाणी हिवाळ्यात इतकं गार, इतकं जड होतं की ते बुडतं. पाणीच पाण्यात बुडतं — पहिल्यांदा शिकले तेव्हा अंगावर काटा आला होता. बुडतं, आणि मग खोल अंधारातून दक्षिणेकडे सरकत राहतं, माणसाच्या कितीतरी पिढ्या. त्याची जागा घ्यायला वरून कोमट पाणी येतं. युरोपची थंडी, तिथले मासे, माशांमागे फिरणारे देवमासे, लांबलांबच्या देशांची हवा — सगळं या फिरण्यावर टेकलेलं. ते मंदावतंय का, हे बघायला बरेच देश एकत्र आले. जहाजं नॉर्वेची नि आइसलँडची, यंत्रं कॅनडाची नि जपानची, आणि गणित मांडणारा अवाढव्य संगणक इथला. म्हणून आम्ही. माझं काम त्या पाण्यातून येणारे आकडे निवडायचं, तांदूळ निवडावेत तसं. खडे बाजूला, दाणे बाजूला. खडा कुठला ते मी ठरवायचं — आणि मी ठरवलं की पुढे कुणी परत बघत नसे.

हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्राच्या तळाशी मोठं वजन टाकून एक लांबच लांब पोलादी तार पाण्यात उभी ठेवतात. तिच्यावर जागोजागी यंत्रं. कुणी गारवा मोजतं, कुणी खारटपणा, कुणी दाब. आणि वरच्या टोकापाशी एक कान — देवमाशांचे आवाज टिपणारा, पाण्यातला माइक. दाबाचे आकडे रोज उपग्रहावरून माझ्या स्क्रीनवर येत. दाबावरून कळतं की यंत्र किती खोल आहे. तार सरळ उभी असेल तर आकडे आपल्या जागी राहतात. एखाद्या मासेमारी जहाजाचं जाळं तारेत अडकलं, तार ओढली गेली, तर ते उड्या मारतात. मग वर्षाअखेरी तार वर काढताना फार जपावं लागतं, कारण खाली काय लोंबतंय, किती ताण आहे, कुणालाच ठाऊक नसतं.

तार वर काढायचं काम आर्नेचं.

आर्ने नॉर्वेचा. उंच, हाडकुळा, सतत नाक ओढणारा. आमची ओळख व्हिडिओ मीटिंगमधली, पण एकदा तो कार्यशाळेसाठी रियाधला आला तेव्हा आमच्या घरी जेवायला होता. बायको इंगेरसाठी त्याने आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर व्हिडिओ काढला — फोडणी तडतडताना बघून लहान मुलासारखा मागे सरकला होता. टॅक्सीवाल्याकडून त्याने 'यल्ला' हा शब्द उचलला. चला, निघा, होऊन जाऊ दे — सगळ्याला यल्ला. त्यानंतर कुठलीही मीटिंग तो त्याच शब्दाने संपवायचा आणि वेगवेगळ्या देशांतली माणसं आपापल्या चौकटीत हसायची. मला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगतेय. मी जे केलं ते परक्या माणसाच्या बाबतीत केलं नाही.

त्या आठवड्यात दाबाच्या आकड्यांपुढे लाल ठिपका आला. मी बघितला. तो सेन्सर आधीही खोटं ओरडलेला होता, म्हणून मी त्याचा इशारा बंद केला. नुसता बंद केला — आकडे उघडून बघितले नाहीत.

मग शुक्रवार आला. इथे शुक्रवारी सुट्टी, तिथे कामाचा दिवस. आमच्याकडे जेवायला चार घरची माणसं यायची होती. कुकर लावलेला, हाताला भज्यांचं पीठ, एसी असून स्वयंपाकघर तापलेलं. फोनवर आर्नेचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "मेधा, वरची यंत्रं डेकवर आली. पण खालची तार फार जड लागतेय. ओलाव म्हणतो, आधी दाब बघून घ्या. आम्ही थांबलोय. एकदा बघून सांगतेस?"

ओलाव म्हणजे डेकवरचा मुकादम, तार ओढणारं यंत्र चालवणारा.

लॅपटॉप शेजारच्या खोलीत होता. हात धुवायचे, आत जायचं, झाकण उघडायचं. एवढंच. मी बोटाच्या मागच्या बाजूने बटण दाबलं आणि उत्तर दिलं.

उत्तर काय दिलं — येते तिथे. शब्द सोपेच आहेत.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर डॉ. रीमचा फोन आला. तार तुटली होती. तिच्याखाली जाळ्याचा प्रचंड गुंता होता, दगडांसकट. ताणलेली तार सुटून डेकवरून चाबकासारखी फिरली आणि आर्नेला कठड्यापलीकडे घेऊन गेली. ओलावचा हात मोडला. छोट्या बोटी उतरवल्या, दिवसभर शोधलं. आर्ने सापडला नाही. आजवर नाही.

मी काय केलं असेल त्या वेळी? रडले. खरंच रडले. आणि रडता रडता फोन घेतला आणि माझा मेसेज पुसून टाकला — दोन्हीकडून पुसला जाईल असा. आर्नेचा फोन आर्नेबरोबरच पाण्यात गेलाय, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

चौकशी व्हिडिओवर झाली. ओलाव त्याच्या चौकटीत बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. अडखळत्या इंग्रजीत म्हणाला, "आम्ही थांबलो होतो. आर्नेने मला तिचा मेसेज ऐकवला. ती म्हणाली, ओढा." डेकवरची बाकीची माणसं पार मागच्या टोकाला होती, कानांवर संरक्षक लावून. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. मग सगळ्या चौकटींमधले चेहरे माझ्याकडे वळले. वळले म्हणजे काय — स्क्रीनवर कोण कुठे बघतंय ते कळत नाही. पण मला तसं जाणवलं.

मी म्हटलं, "मी घरी होते, आमची सुट्टी होती. मी त्याला सांगितलं होतं — थांबा, मी बघून सांगते."

असं मी म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, "नॉर्मल आहे रे, सगळं नॉर्मल आहे. ओढा. यल्ला!"

झालं सांगून. पण एवढंच असतं तर मी कदाचित आज बोलले नसते. एवढ्यावर माणूस जगू शकतो, मी जगत होते. डबे भरत होते, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपायच्या आत नवा करून घेत होते, मुलीच्या शाळेच्या मीटिंगला जात होते. ओलाववर ठपका आला. न थांबता ओढलं म्हणून. त्याला परत कुठल्याही जहाजावर घेतलं नाही. हे मला मीटिंगमध्ये कळलं, आणि मी त्यापुढे लगेच पुढच्या विषयाबद्दल काहीतरी विचारलं.

मग त्या कानाची फाइल आली.

वरची यंत्रं आधीच डेकवर आली होती ना — त्यांत तो पाण्यातला माइकही होता. चौकशीत सगळी यंत्रं पेट्यांत पडून होती. मोकळी झाल्यावर आवाजाची डिस्क माझ्याकडे पाठवली, कारण आवाजाचं काम माझंच. यंत्र पाण्याबाहेर आलं की पुढचं रेकॉर्डिंग कापून टाकायचं, हा आमचा नेहमीचा रिवाज. जहाजाची घरघर, माणसांची बडबड कुणाला हवी असते?

भर दुपारची वेळ. बाहेर धूळ उठली होती. सगळा रियाध नारिंगी झालेला, समोरची इमारत दिसेनाशी झालेली, खिडकीच्या फटीतून बारीक वाळू टेबलावर येत होती. मी हेडफोन लावले. आधी समुद्र. तो गप्प नसतो, तुम्हाला वाटेल तसा. तो कण्हतो. लांब कुठेतरी बर्फ कडकडतो, मध्येच एखादा देवमासा खूप वेळ एकच सूर धरून ठेवतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. मग जहाजाची घरघर आली. पाणी ओघळलं. यंत्र डेकवर ठेवल्याचा ठक्क आवाज. इथे कापायचं. माझा हात माउसवर होता.

मी कापलं नाही. ऐकत राहिले. का? आर्ने नाक ओढत होता म्हणून. अगदी जवळ. तो यंत्राशेजारी उकिडवा बसला असणार, ते बंद करायला. तो इंग्रजीत बोलला — माझ्याशी. "मेधा, वरची यंत्रं डेकवर आली..." मग तार ओढणारं यंत्र बंद, सगळं शांत. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

आधी शिट्टी आली. बारीक, चढत जाणारी. मला वाटलं, कुठला पक्षी. मग दुसरी. मग मी ओळखली — माझ्या कुकरची. त्या बर्फाच्या समुद्रावर, माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी. आणि तिच्या मागून मी. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो, ठाऊक आहे ना? पण तो असा नसतो. हा कान पाण्यासाठी बनवलेला. त्यातून मी पातळ ऐकू येत होते, भिंतीच्या आतून कुणी बोलावं तशी. किती मजेत होते मी! नॉर्मल आहे रे. ओढा. यल्ला.

आर्ने हसला. म्हणाला, "ऐकलंस, ओलाव? रियाध म्हणतंय यल्ला." ओलाव काहीतरी पुटपुटला. आर्ने परत हसला आणि उठला. यंत्र बंद करायचं राहून गेलं.

तार तुटल्याचा आवाज मी सांगणार नाही.

त्यानंतर आरडाओरडा, धावपळ, आणि मग बऱ्याच वेळाने कुणीतरी त्या यंत्रापाशी येऊन बसलं. श्वास कळत होता. ओलाव असणार. तो आर्नेचं नाव घेत होता. हाक मारावी तसं नाही — झोपलेल्याला हळूच उठवावं तसं.

मी हेडफोन काढले. खोलीत एसी चालू होता, बाहेर नारिंगी. आणि तो आवाज थांबला नाही. हेडफोन टेबलावर पडलेले, त्यांतून बारीक बारीक येतच होता — आर्ने, आर्ने.

फाइल मी लगेच पुसली नाही. हे मला स्पष्ट करायचंय. घाबरून, क्षणाच्या भरात असं काही झालं नाही. ती डिस्क माझ्या खणात पडून होती, तेव्हा इंगेरने फोन केला. व्हिडिओ. तिच्याकडेही दुपारच होती, पण मागच्या खिडकीत मिट्ट काळोख — त्यांच्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. ती शांत होती. इतकी शांत की मला तिच्याकडे बघवेना.

म्हणाली, "मेधा, एक विचारू? शेवटी तो ते आवाजाचं यंत्र बंद करत होता, असं म्हणतात. त्यात त्याचा आवाज आला असेल का? मला चौकशीबिकशी काही नको. नुसता त्याचा आवाज. घरातले सगळे व्हिडिओ मी ऐकून संपवलेत. तुझ्या स्वयंपाकघरातला पण."

तो हसला होता. तिला देता आलं असतं ते हसू. माझा आवाज कापून, नुसतं त्याचं हसणं देता आलं असतं — हेसुद्धा मला त्याच क्षणी सुचलं होतं. पण मग तिने विचारलं असतं, तो कशाला हसला?

मी म्हटलं, "नाही गं, इंगेर. यंत्र वर यायच्या आधीच बंद पडलं होतं. खलास झाली होती बॅटरी." घाईत तो इथला अरबी शब्द तोंडातून गेला. तिने विचारलं, "काय झाली होती?" मी म्हटलं, "संपली होती."

"अच्छा," असं काहीसं ती म्हणाली. मग म्हणाली, "मला उगीच वाटत राहतं की तो तिथे पाण्यात अजून बोलतोय."

फोन ठेवला आणि मी डिस्क काढली. पाण्याबाहेरचा सगळा भाग कापला, मूळ फाइल पुसली. आधी खोटं बोलले, आणि मग बसून ते खरं केलं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला झपाटल्यासारखं झालं असेल. झालं, पण वाटतं तसं नाही. मी नीट झोपते. एकदाच एक विचित्र काम केलं. आमच्या संगणकावर समुद्रात कुठेही एक ठिपका सोडता येतो. तो पाण्याबरोबर कुठे जाईल ते दिसतं. मी तो शुक्रवार भरला, ती जागा भरली, ठिपका सोडला. माणूस म्हणजे पाणी नव्हे, हे मला कळतं. ठिपका थोडा वेळ वर भिरभिरला, हिवाळा लागला तसा बुडाला आणि तळाच्या अंधारातून सरकू लागला. मी काळ पुढे ढकलत राहिले. माझं आयुष्य संपलं, मुलीचं संपलं. तो वर आला नाही. मागून डॉ. रीम आल्या आणि म्हणाल्या, "हा कुठला ठिपका?" मी म्हटलं, "असाच. चाचणी."

आणि एक. पुढच्या वर्षी त्याच जागी नवी तार टाकली, नवा कान. कॅनडातल्या एका विद्यार्थिनीने मीटिंगमध्ये एक आवाज वाजवून दाखवला — कुठल्याच प्राण्याशी जुळेना म्हणून. बारीक, चढत जाणारी शिट्टी. थोडं थांबून दुसरी. सगळे उत्सुकतेने ऐकत होते. कुणी म्हणालं, डॉल्फिन असेल. तिने विचारलं, "मेधा, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "प्रवाहात तार थरथरते, त्याचा आवाज आहे. खडा समजून काढून टाक." खरोखर तसंच असेल. तारा गातात, हे खरं आहे. तिने तो काढून टाकला.

ओलावचा फोन मात्र त्यानंतरचा.

नंबर अनोळखी होता. मी मेट्रोच्या स्टेशनवर उभी होते, ऑफिसला निघालेली. तो कुठल्याशा मासळीच्या कारखान्यात खोकी उचलतो आता — मागे यंत्रांचा गोंगाट होता, तो बाहेर आला असावा, मग गोंगाट कमी झाला. त्याने माफी मागितली, त्रास दिल्याबद्दल. माझ्याकडे माफी! मग शब्द जुळवत म्हणाला, "मला एकच विचारायचंय. तू खरंच म्हणाली होतीस ना, थांबा? मी रागावलेलो नाही. मला फक्त कळायला हवं. कारण मला 'ओढा' ऐकू आलं होतं. अजून ऐकू येतं. बायको म्हणते, तुझं डोकं तुला फसवतंय. तसं असेल तर मी तेवढं मान्य करीन."

समोर गाडी आली, दारं उघडली, माणसं आत गेली. मी तिथेच उभी.

मी म्हटलं, "हो, थांबाच म्हणाले होते. वाऱ्यात तुला नीट ऐकू आलं नसेल."

तो म्हणाला, "हं. वारा असेल." आणि माझे आभार मानून त्याने फोन ठेवला.

वारा नव्हता. ते रेकॉर्डिंग मी ऐकलं होतं. त्या दिवशी तिथे वारा अजिबात नव्हता.